जर्मनचं पातेलं आणि पत्र्यावरचं विमान



या सदरात आम्ही बचत गटांच्या समन्वयक तुमच्याशी दर महिन्याला बोलतो. कधी लोणच्याच्या बरणीचं गणित असतं, कधी बँकेच्या कर्जाचं. आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, आणि तोही लढाऊ विमानाचा. तुम्ही म्हणाल, बायकांना लढाऊ विमानाचं काय पडलंय? मागच्या पावसाळ्यापर्यंत आम्हीही असंच म्हणत होतो. ओझरच्या कारखान्याची विमानं आमच्या डोक्यावरून जातात. पोरं अंगणात धावत येऊन वर बघतात, आणि आम्ही मान वर न करता वाळत घातलेले कपडे काढत असतो.

मग आमच्या दोन गटांना पॅकिंगचं काम मिळालं. तालुक्याच्या गावी एक लहान कारखाना आहे. भिंतीवर लावायची चित्रं तिथे धातूच्या पत्र्यावर छापतात. ती पुसायची, कोपऱ्यांना पुठ्ठा लावायचा, फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि खोक्यात भरायची, एवढं आमचं काम. पहिल्याच खेपेला आली ती जुन्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची चित्रं. ती कुठे जातात म्हणून विचारलं, तर कळलं की हॉटेलांत, ऑफिसांत आणि हौशी लोकांच्या दिवाणखान्यात.

ही चित्रं कशी होतात ते आम्ही तिथे उभं राहून पाहिलं. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, त्यावर लेप दिलेला. चित्र आधी कागदावर खास शाईनं उलटं छापतात. तो कागद पत्र्यावर पालथा ठेवतात आणि तापलेल्या प्रेसखाली दाबतात. उष्णता असते दोनशे अंशांच्या आसपास. शाईची वाफ होऊन ती लेपात शिरते. म्हणजे रंग वर बसत नाही, आत मुरतो. ओल्या फडक्यानं पुसला तरी जात नाही. स्वस्तातल्या चित्रांना लोखंडी पत्रा वापरतात. त्याचा कोपरा खरचटला की तिथून गंज धरतो.

आमच्यातल्या एका मावशींनी पहिला पत्रा हातात घेतला, बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर जर्मन आहे! याचं चांगलं पातेलं झालं असतं." तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे जुन्या बायका अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. आम्ही हसलो. पण चित्रावरचं विमान कोणतं, ते कुणी बनवलं, हे मावशींनी विचारलं तेव्हा एकीलाही सांगता येईना. चित्राखाली इंग्रजीत 'स्पिटफायर' एवढंच लिहिलेलं. मग आम्ही वाचायला घेतलं. वाचता वाचता कळलं, की मावशी जे हसत बोलल्या ते खरोखर घडलेलं होतं, फक्त उलट्या दिशेनं. पातेल्यांची विमानं करायला बायका निघाल्या होत्या.

स्पिटफायर हे ब्रिटनचं लढाऊ विमान. एका माणसाचं, एका इंजिनाचं. त्याचे पंख पानासारखे, टोकाकडे गोल निमुळते होत जाणारे, म्हणून चित्रात ते लगेच ओळखू येतं. आर. जे. मिचेल या अभियंत्यानं ते साउदॅम्प्टन शहरातल्या सुपरमरीन कंपनीत आखलं. ५ मार्च १९३६ रोजी ते पहिल्यांदा उडालं. पुढच्याच वर्षी मिचेल कर्करोगानं गेले, वय अवघं ४२. त्यांचं विमान युद्धात काय करणार आहे, हे त्यांना पाहायला मिळालं नाही.

पण गोष्ट त्याआधी सुरू होते, आणि तिथेच पहिली बाई भेटते. १९३१ मध्ये समुद्री विमानांच्या शर्यतीत उतरायला ब्रिटिश सरकारनं पैसे द्यायचं नाकारलं. मंदीचे दिवस होते. तेव्हा लेडी ल्युसी ह्यूस्टन या श्रीमंत विधवेनं एक लाख पौंड दिले. या बाई तरुणपणी रंगमंचावर कोरसमध्ये नाचणाऱ्या, पुढे स्त्रियांच्या मताधिकाराला पाठिंबा देणाऱ्या. त्यांच्या पैशावर मिचेल यांचं विमान उतरलं आणि ती शर्यत जिंकलं. वेगवान विमानाचा आणि ताकदवान इंजिनाचा तो अनुभव पुढे स्पिटफायरच्या कामी आला.

आता या १९४० च्या जुलैत. फ्रान्स पडला होता. जर्मनीची विमानं ब्रिटनवर येऊ लागली होती. तिथल्या विमान उत्पादन खात्याचे मंत्री होते लॉर्ड बीव्हरब्रुक. त्यांनी देशातल्या गृहिणींना आवाहन केलं, की घरातली अ‍ॅल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची विमानं करू. हे आवाहन रेडिओवरून बायकांपर्यंत पोचवलं लेडी रीडिंग यांनी. १९३८ मध्ये त्यांनी स्त्रियांची मोठी स्वयंसेवी संघटना उभी केली होती. त्यांचा आपल्या देशाशीही संबंध आहे. लॉर्ड रीडिंग हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असताना त्या त्यांच्या कचेरीत काम करायला इथे आल्या होत्या, आणि पुढे त्यांच्याशी लग्न करून लेडी रीडिंग झाल्या. एक बाई रेडिओवर बोलते आणि हजारो बायका स्वयंपाकघराकडे वळतात, हे वाचताना आम्हाला आपला हा लहानसा स्टुडिओ आठवला.

मग ढीग लागले. पातेली, किटल्या, तवे, झाकणं, कपड्यांचे हँगर. बायकांनी रोजची भांडी आणून टाकली. आता खरं तेही सांगायला हवं. विमानाचा अ‍ॅल्युमिनियम म्हणजे ठरावीक प्रमाणात दुसरे धातू मिसळलेला मजबूत धातू. पातेल्याचा पत्रा जसाच्या तसा तिथे चालत नाही, आणि त्या ढिगातलं बरंचसं विमानात गेलंच नसावं असं अनेक अभ्यासक मानतात. आवाहनाचा मोठा उपयोग होता तो लोकांचा धीर टिकवायला. हे ऐकून आमच्या मावशी गप्प झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे पातेलं गेलं ते गेलंच." आपल्या घरातली वस्तू मोठ्या कामासाठी देताना तिचं पुढे काय झालं, हे विचारायचा हक्क बाईला असतो. तिथे कुणी विचारलं असेल, कुणी नसेल.

भांड्यांसोबत पैसेही जमले. एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड ठरवली होती. खरा खर्च त्याहून खूप जास्त, पण हा आकडा लोकांना झेपणारा होता. गावं, कारखाने, शाळा यांनी स्पिटफायर फंड काढले. एक फंड तर फक्त डोरोथी नावाच्या बायकांचा होता. सगळ्या डोरोथींनी मिळून एक विमान दिलं आणि त्यावर आपलं नाव घातलं. आमच्याकडे सगळ्या सुनीतांनी मिळून एक पिठाची गिरणी घ्यावी, तसंच.

या देणग्यांत आपला पैसाही होता. ज्या प्रदेशातून मोठ्या देणग्या आल्या, त्यांची नावं ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्यांना दिली गेली. १२२ क्रमांकाची तुकडी 'बॉम्बे', १३२ क्रमांकाची 'सिटी ऑफ बॉम्बे' आणि १२४ क्रमांकाची 'बडोदा'. तिन्ही तुकड्यांनी स्पिटफायर उडवली. म्हणजे इंग्लंडच्या आकाशात मुंबईचं आणि गायकवाडांच्या बडोद्याचं नाव फिरत होतं. पण हे युद्ध आपल्याला विचारून आपल्यावर आलं नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर केलं, की हिंदुस्थान युद्धात आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्याच गवालिया टँक मैदानावरून 'छोडो भारत'ची हाक गेली. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. पत्र्यावरचं निळं आकाश बघताना हेही आठवायला हवं. चित्रात ते मावत नाही.

आता कारखान्यात जाऊ. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी साउदॅम्प्टनचा स्पिटफायर कारखाना बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केला. कामगार मेले. मग एकच मोठा कारखाना उभा करण्याऐवजी काम विखुरलं गेलं. सॉल्झबरी, ट्रोब्रिज, रेडिंग अशा गावांमधली गॅरेजं, बसचे डेपो, कपडे धुण्याच्या लाँड्रीसुद्धा ताब्यात घेतल्या. एका ठिकाणी पंख, दुसऱ्या ठिकाणी शेपटी, तिसऱ्या ठिकाणी इंधनाची टाकी. सगळे भाग शेवटी एका धावपट्टीजवळ आणून जोडायचे. गावातल्या लोकांनाही आपल्या शेजारच्या गॅरेजात काय चाललंय याचा पत्ता नसे.

तिथे कामाला होत्या त्यात तरुण मुली पुष्कळ. कालपर्यंत दुकानात विकणाऱ्या, घरकाम करणाऱ्या. विमानाचं अंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची कातडी, आणि ती हजारो रिबीटांनी जोडलेली. रिबीट मारायला दोघी लागतात. एक बाहेरून हवेच्या बंदुकीनं रिबीट ठोकते, दुसरी आतून लोखंडी ठोकळा धरून उभी राहते. दोघींचा हात एका वेळी बसला नाही तर पत्रा बिघडतो. पापड लाटणारी आणि वाळत घालणारी यांचा मेळ बसावा लागतो, तसाच हा मेळ. युद्ध संपेपर्यंत आणि नंतर काही काळ मिळून वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बनली.

या विमानात एक खोड होती. त्याचं मर्लिन इंजिन उत्तम, पण वैमानिकानं नाक झटकन खाली केलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर अडखळायचं. जर्मन विमानांच्या इंजिनात पेट्रोलचा थेट फवारा असे, त्यांना ही अडचण नव्हती. ते सूर मारून निसटायचे. लढाईत क्षणभर म्हणजे जीव जायला पुरेसा वेळ. यावर तोड काढली बिएट्रिस शिलिंग यांनी. फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत त्या अभियंता होत्या. चौदाव्या वर्षी त्यांनी मोटारसायकल घेतली होती, आणि पुढे शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांवर पळवून बक्षीस मिळवलं होतं. त्यांनी केलं काय, तर शिंपी बोटात घालतो त्या अंगुस्तानासारखा एक पितळी तुकडा, त्याला मधोमध मोजून पाडलेलं भोक. पुढे त्याचाच साधा वायसर झाला. तो पेट्रोलच्या नळीत बसवला की जेवढं हवं तेवढंच पेट्रोल पुढे जायचं. विमान कारखान्यात न्यावं लागत नसे. १९४१ मध्ये शिलिंग आणि त्यांची माणसं विमानतळांवर फिरून ते बसवत गेली. रुपयाएवढ्या तुकड्यानं विमान वाचतं, हे ज्यांनी शिलाई मशिनचा छोटा भाग बदलून अख्खं मशिन सुरू केलंय त्यांना पटेल.

तयार झालेलं विमान हवाई दलाकडे पोचवायचं कुणी? त्यासाठी एक वेगळी वाहतूक सेवा होती. तिच्यात पॉलिन गॉवर यांच्या पुढाकारानं जानेवारी १९४० मध्ये आठ बायका घेतल्या. आधी त्यांना फक्त लहान, उघडी शिकाऊ विमानं दिली, तीही कडाक्याच्या थंडीत. बायकांना वेगवान विमान झेपणार नाही, असं बोललं जात होतं. १९४१ च्या जुलैत त्यांना लढाऊ विमानं मिळाली. पुढे या सेवेत दीडशेहून जास्त बायका उडाल्या. विमानात बंदुकीच्या गोळ्या नाहीत, वायरलेस नाही. खाली दिसणारी नदी, रेल्वेचे रूळ, चर्चचे मनोरे पाहत जायचं. एका दिवसात दोन-तीन प्रकारची विमानं उडवायची, आणि प्रत्येकाची माहिती एका छोट्या कार्डांच्या वहीत. या सेवेत ॲमी जॉन्सनही होत्या. १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला त्या एकट्या विमान घेऊन गेल्या होत्या. वाटेत आपल्या झाशीला उतरल्या होत्या. ५ जानेवारी १९४१ रोजी विमान पोचवताना टेम्स नदीच्या मुखाशी त्या पाण्यात पडल्या आणि गेल्या.

आता पैशाचं बोलू. या वैमानिक बायकांना सुरुवातीला पुरुषांपेक्षा वीस टक्के कमी पगार होता. तेच विमान, तेच ढग, तोच धोका. पॉलिन गॉवर मागे लागल्या, आणि १९४३ मध्ये पगार समान झाला.

कारखान्यातल्या बायकांची लढाई अवघड होती. १९४० मध्ये मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला, की पुरुषाच्या जागी काम करणाऱ्या बाईला ३२ आठवड्यांनंतर पुरुषाएवढा दर मिळेल. पण एक अट होती. तिनं ते काम जादा देखरेख आणि मदत न घेता केलं पाहिजे. या एका अटीनं घोळ केला. कुणी जड भाग उचलून दिला, कुणी मशिन लावून दिलं, की झाली मदत. दर गेला. ग्लासगोजवळ हिलिंग्टनला मर्लिन इंजिनं बनत, म्हणजे स्पिटफायरचं काळीजच. तिथल्या हजारो बायकांनी १९४३ च्या अखेरीला ऐन युद्धात काम थांबवलं. पुष्कळ पुरुष त्यांच्या बाजूनं उभे राहिले. शेवटी ठरलं असं, की एकेका मशिनची यादी करायची आणि त्यासमोर कामाचा दर लिहायचा. मशिनवर बाई आहे का बाप्या, हे दर ठरवताना बघायचं नाही.

मैत्रिणींनो, हे आम्ही वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कारण आमच्या पॅकिंगच्या कामात तेच चाललं होतं. प्रेसवरच्या मुलांना दिवसाची मजुरी, आम्हाला नगावर पैसे. मोठ्या चित्राला आणि लहान चित्राला एकच दर. ओरखडा निघाला की पैसे आमचे कापायचे, मग तो आमच्या हाताआधीचा असला तरी. विचारलं तर उत्तर यायचं, "तुमचं काम हलकं, आणि उचलायला तर पोरंच लागतात."

आम्ही भांडायला गेलो नाही. यादी करायला बसलो. प्रेसवरून उतरवणं, कड तपासणं, पुसणं, कोपरे बांधणं, गुंडाळणं, खोकं भरणं. प्रत्येकाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून आठ दिवस वहीत लिहिलं. उचलणं किती वेळा होतं तेही लिहिलं. ते निघालं दिवसातून मोजून काही मिनिटं. ती वही घेऊन आम्ही सहा जणी गेलो. मोठ्या चित्रांचा दर वाढला. पत्रा हातात घेतानाच दोघांनी मिळून ओरखडे बघायचे आणि सही करायची, हेही ठरलं. दिवसाच्या मजुरीचं अजून "बघू" आहे. प्रेस शिकायला आमच्यातली एक मुलगी मात्र जायला लागली आहे. पहिल्या दिवशी तिचा हात भाजला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

ही विमानाची चित्रं वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. ती देखणी आहेत. त्या विमानांतून गेलेली कोवळी पोरं परत आली नाहीत, त्यांची आठवण कुणी भिंतीवर ठेवली तर त्यात गैर काय? फक्त चित्रात एक विमान आणि मोकळं आकाश एवढंच असतं. पैसे देणारी, पातेलं देणारी, रिबीट मारणारी, वायसर घडवणारी, विमान पोचवणारी, यातली एकही तिथे नसते.

एक मात्र सापडली. मेरी विल्किन्स ही त्या सेवेतली वैमानिक. हजाराहून अधिक विमानं तिनं पोचवली, त्यात सुमारे चारशे स्पिटफायर. १९४४ मध्ये एक स्पिटफायर पोचवताना तिनं आत, वैमानिकाच्या जागेजवळ, आपलं नाव लिहून ठेवलं. बाहेरून कुणाला दिसणार नव्हतं. ते विमान टिकलं, नावही टिकलं, आणि पुष्कळ वर्षांनी म्हातारपणी तिनं ते पुन्हा पाहिलं. २०१८ मध्ये ती गेली, वय १०१.

हे ऐकल्यावर आमच्या मावशींनी काय केलं सांगू? खोक्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे पेननं बारीक अक्षरात गटाचं नाव लिहिलं. तुम्हीही तुमच्या कामावर नाव लिहा. पण त्याआधी वहीत वेळ आणि दर लिहा.

पुढच्या महिन्यात भेटू. नमस्कार.